मैनाला टीबी सांगितला

पोळ्याच्या आदल्या दिवशी यवतमाळच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. माझ्या बायकोचा, मैनाचा, फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. किमोने काही महिने मिळतील, बरं होणं नाही, असं ते म्हणाले.

मैना बाहेर बाकावर बसली होती. काय निघालं, तिने विचारलं. माझ्या तोंडून गेलं, "टीबी."

फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात टीबीची तीन माणसं बरी होऊन शेतात जातात. कॅन्सरचं एकही नाही. मैनाला वाचता येत नव्हतं. वाटलं, आशेवर तरी राहील.

ती हसली. "मंग कायले तोंड पाडून राह्यले? सहा महिन्याची तर गोष्ट आहे."

माझ्या आईला टीबी होता तेव्हा मैनानेच तिचं सगळं केलं होतं. काय पाळायचं ते तिला ठाऊक होतं. घरी येताच तिने आपला ताट-तांब्या वेगळा काढला, बाज बाहेर पडवीत नेली.

दर तीन आठवड्यांनी आम्ही एसटीने किमोला जायचो. येताना ती पिशवीत ओकायची. केस गेले. लग्नापासून कानांजवळ केसांत गुंफलेल्या चांदीच्या टोपल्या, आमच्या बायकांचा दागिना, बांधायला काही उरलं नाही, तेव्हा तिने त्या ओढणीला शिवल्या.

"तुमच्या मायचे केस नव्हते गेले," ती म्हणाली.

औषध नवीन आलंय, मी सांगितलं.

दिवाळीनंतर आमची लेक बबिता उमरखेडहून दोन महिन्यांची पोरगी घेऊन आली. आमची पहिली नात. मैना उठून अंगणाच्या टोकाला गेली, तोंडावर ओढणी धरली.

"तिथंच थांब. दुरून दिसते मले."

बबिता आईला "याडी, याडी" म्हणत रडायला लागली. मैना तिलाच समजावत होती, चार महिने राहिले, कोर्स संपला की मी स्वतः उमरखेडला येते, मग पोरगी खालीच ठेवत नाही. मी तिथेच उभा होतो. हा आजार लागत नाही, घे तिला, एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढं म्हटलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. मी बैलांना पाणी पाजायला गेलो.

चौथ्या किमोनंतर ती बाजेवरून उठली नाही. अन्न बंद झालं, तेव्हा मी तिला सांगितलं. टीबी नव्हता, काय होतं तेही सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे पोरीले घेता आलं असतं?"

मी हो म्हणालो. आई सिरियस आहे, पोरीला घेऊन ये, असा बबिताला लगेच फोन केला. ती पोचायच्या आत मैना गेली.

दिवस झाल्यावर बबिताने पोरीची टीबीची तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. फोनवर म्हणाली, "बापू, याडीनं वाचवलं हिले."

बबिताला मी अजून खरं सांगितलेलं नाही.