पाद्रीसाहेबांचं मडकं

आमच्याकडे दुपारी बारानंतर लागलेलं लग्न कायदा मानत नाही. केझायाताई नवरीच्या पोशाखात चर्चमध्ये ताटकळत होती. तिच्या रूबेनला संध्याकाळी जहाजावर हजर व्हायचं होतं, ते थेट दोन वर्षांसाठी. आणि लग्न लावणारे थर्कलसाहेब कुठे? तर टेकाडावर! जुन्या थडग्यांवर पुस्तकं लिहिणाऱ्या या पाद्र्याला जिवंत माणसांची आठवण कशी राहणार?

मी धावत गेले. साहेब खड्ड्यात गुडघे टेकून एका मडक्याचं चित्र काढत होते.

"साहेब, ताईचं लग्न!"

"थांब गं टॅम्झिन. दोन हजार वर्षांचं आहे हे."

"मग अजून तासभर थांबेल की. रूबेन नाही थांबायचा."

"एवढी नक्षी होऊ दे."

माझं डोकंच फिरलं. मी मडकं उचललं आणि पळत सुटले.

"अगं कार्टे, फुटेल ते!"

"मग या मागोमाग."

ते चिखलाच्या बुटांनी थेट वेदीपाशी आले. मी मडकं पोटाशी घट्ट धरून म्हटलं, "आधी लग्न." बाराचे टोले पडायच्या आत ताई रूबेनची झाली.

साहेबांच्या नव्या पुस्तकात मात्र लिहिलंय, की मडक्याला एका अडाणी पोरीमुळे तडा गेला. अडाणी म्हणे! मीच वाचलं ना ते?