चांदणीचे थांबे

कुंदनच्या यादीत तंबू होते, बॅटऱ्या होत्या, साप चावला तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं तेही होतं, आणि जेवायला नूडल्सची पाकिटं होती. ती ओळ वाचली आणि माझं डोकंच फिरलं.

"थंडीचे दिवस, शिरपूर तालुक्यातलं जंगल, आणि लोकांना तू नूडल्स खाऊ घालणार? भरीत कुठाय?"

"काकू, वनउद्यानात जाळ करायला बंदी आहे. वांगी भाजणार कशावर?"

"घरून भाजून, ठेचून देते. लिही."

त्यानं मुकाट्यानं लिहिलं. कुंदन म्हणजे आमच्या शेजारच्या निंबाभाऊंचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून गावी आला होता. लोकांना सातपुड्याच्या पायथ्याशी वनउद्यानात घोड्यावरून फिरवायचं आणि एक रात्र तंबूत मुक्कामाला ठेवायचं, असा त्याचा बेत होता. पहिली सहल डिसेंबरात ठरली. धुळे-जळगावची पाच माणसं येणार होती. चार घोड्या जमल्या होत्या, पाचवी हवी होती. ती पाचवी आमची चांदणी व्हावी म्हणून माझे सासरे, झुलाल आबा, आठवडाभर कुंदनच्या ओट्यावर ठाण मांडून बसले होते.

चांदणी वरातीची घोडी. सोळा वर्षं तिनं पंचक्रोशीतले नवरदेव पाठीवर घेतले. आता नवरदेव मोटारीच्या छतातून डोकं बाहेर काढून येतात. दोन वर्षांत तिला तीन वराती मिळाल्या. माझा नवरा भूषण म्हणायचा, यंदा तिला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकायची आणि तिच्या जागेवर गाडी लावायची. आबांनी फारच हट्ट धरला तेव्हा म्हणाला, "बरं, तिला काम मिळालं तर ठेवू." मी रोज तिची लीद काढताना तिच्यावर खेकसते, ते खरं आहे. पण ती गेली तर घर खायला उठेल हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आधी चाचणी," कुंदन म्हणाला. "रविवारी सगळी वाट चालून बघू. पाठीवर मात्र घोड्यावर कधीच न बसलेलं माणूस हवं. येणारे सगळे नवखेच आहेत."

त्यानं आणि आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं वय त्रेचाळीस, वजन बहात्तर. पण घोडी आमची आणि हट्टही आमचा, मग मागे कशी सरू?

रविवारी घोड्या हाताशी धरून वनउद्यानाच्या नाक्यापर्यंत नेल्या आणि सकाळी सातला तिथून बसून निघालो. नाक्यावर वनरक्षकानं नावं लिहून घेतली. कुंदन पुढे एका तरण्या तांबड्या घोडीवर, मागे मी चांदणीवर, आणि आबा पायी. त्यांच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला दिसला.

"आबा, खिशात काय आहे?"

"नारळ. काम व्हयनं का फोडसू."

अर्धा तास सगळं झकास चाललं. मग वाटेत वड आला, वडाखाली मारुती, आणि चांदणी थांबली. थांबली म्हणजे खांबच झाली. मी टाच मारली, चुचकारलं, दोन शिव्याही दिल्या. ती कान हलवून उभीच.

आबांची मान खाली गेली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे नवरदेव लग्नाला निघाला की आधी मारुतीला जातो. घोडी थांबते, नवरदेव उतरतो, पाया पडतो, पुन्हा बसतो, मग वरात पुढे. सोळा वर्षं चांदणीनं एवढंच केलं होतं. पाठीवरचं माणूस उतरल्याशिवाय शेंदरापुढून हलायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. बँड नाही, फटाके नाहीत, म्हणून जंगल तिला सोपं जाईल असं आबांनी धरलं होतं. जंगलातही देव असतात, हे आम्हा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"उतर बाई," आबा हळूच म्हणाले.

उतरले, म्हणजे घसरले. मारुतीला नमस्कार केला. मग आबांनी खांदा दिला आणि मी पुन्हा वर चढले. चांदणी लगेच चालू लागली.

पुढे मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. तो जवळच्या पाड्यावरच्या लोकांचा देव. पण चांदणीला काय, शेंदूर दिसला की संपलं. पुन्हा उतरले, पुन्हा चढले. पुढे नाल्याच्या वळणावर जांभळाखाली आणखी एक देव. कुंदन आपल्या घोडीवर तसाच बसून घड्याळ बघत होता. साडेनवाला टेकडीवरच्या थांब्यावर पोचायचं होतं आणि आता पावणेअकरा झाले होते.

"आबा, राग मानू नका," तो म्हणाला. "ही नाही चालणार. पाच जणांची रांग हिच्यामुळे अडकून राहील."

आबांनी टोपी काढली, तोंड पुसलं, टोपी घातली. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"आधी तुझा तो थांबा तर दाखव!"

टेकडीवर पोचलो. देखावा छान होता, खोटं कशाला बोलू? पण वर एक झाड नव्हतं. खडक तापलेला, ऊन थेट डोक्यावर. फोनच्या नकाशात टेकडीखाली जिथे ओढ्याची निळी रेघ होती तिथे कोरडी वाळू. कुंदनची बाटली रिकामी झालेली, आणि तहानलेली तांबडी घोडी एका जागी उभी राहीना. कुंदन चार तासांनी पहिल्यांदाच खाली उतरला आणि पाय फाकवून बदकासारखा चालू लागला. मी तीनदा चढउतार केलेली, माझे गुडघे ठणठणीत.

"आबा, पाणी कुठे मिळेल हो?" त्यानं विचारलं.

"मांगे चाल. जठे चांदणी उभी राहिनी, तठे."

जांभळाचं झाड जवळ होतं. देवाच्या मागे दहा पावलं उतरलं की झरा. घोड्या पोटभर पाणी प्यायल्या. कुंदन सावलीत आडवा झाला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"पोऱ्या," आबा म्हणाले, "मानूस देव कोठे बसाडस? जठे सावली शे, जठे पानी शे, तठेच ना? बठ्ठा देव असाच जागावर शेत."

कुंदन उठून बसला. त्यानं वही काढली आणि पुटपुटत लिहू लागला. पहिला वड, तिथे हापसा आहे. मग मोह. त्याच्याजवळ पाणी असेल?

"विहीर शे. पाड्यावाल्यासले इचारी ल्यू."

"आणि तिन्हींमध्ये साधारण पाऊण-पाऊण तासाचं अंतर." तो स्वतःच्या मांड्या चोळत म्हणाला, "नवख्या माणसाला एवढ्या वेळानं उतरवायलाच हवं." त्यानं टेकडीचा थांबा खोडला आणि तिथे फक्त 'फोटो' असं लिहिलं.

"मंग घोडी?" आबांनी विचारलं.

कुंदनची पुणेरी मराठी तिथल्या तिथे उतरली. "आबा, चांदणी पुढे राही. तिना मांगे बाकीन्या बठ्ठ्या घोड्या. आनि तिना संगे तुम्हीन."

मी ढसाढसा रडले. या वेळी राग आला नाही.

दुपार कलता कलता गावात शिरलो. मारुतीच्या पारासमोर चांदणी अर्थातच थांबली. टापा ऐकून समोरच्या पुष्पाबाई, आमच्या अक्का, लगबगीनं बाहेर आल्या. घोडीवर मला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"कोनं लगन शे वं?"

"लगन नही, अक्का. घोडीले नोकरी लागनी!"

मी उतरले, पाया पडले. आबांनी खिशातला नारळ काढून पायरीवर फोडला. पहिला तुकडा चांदणीला दिला, दुसरा कुंदनला. तिसरा घेऊन ते घराकडे निघाले. भूषण दारातच उभा होता. आबांनी त्याच्या तळहातावर खोबरं ठेवलं.

"गाडी बाहेरच लाव," ते म्हणाले. "मझार जागा नही."