विलायती बॅट

जरा डोळे मिटा, मुलांनो, आणि बघा. औशाचं कोरडं ठणठणीत तळं. भेगांवर माती लोटून, चोपून केलेली खेळपट्टी. तिच्या मधोमध एक बॅट. तिची मूठ दानम्मा नावाच्या मुलीच्या हातात आणि पातं एका सरकारी साहेबांच्या. दोघंही सोडायला तयार नाहीत.

त्या साली पावसानं दगा दिला होता, पण लातूर नवा जिल्हा झाला होता. जिल्ह्याच्या पहिल्याच स्पर्धेत औशाची पोरं लातूरशी भिडली होती. शेवटची जोडी खेळत होती, जिंकायला थोड्याच धावा उरल्या होत्या, आणि तेवढ्यात जीप थेट मैदानात शिरली.

खेळाचं परदेशी सामान चोरून आणणाऱ्यांची चौकशी चालली होती. औशात एका पोरीकडे विलायती बॅट आहे, असं साहेबांच्या कानावर आलं होतं. बॅटीवर काळ्या अक्षरांत 'विलायती' असं लिहिलेलंही होतं. ती जप्त करावी लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"माझ्या काकांनी दिलीय," दानम्मा ताठ मानेनं म्हणाली. "खास इंग्लंडची हाय."

पंच शेषेरावांनी कपाळाला हात लावला.

"साहेब, मग तुमची जीप कुठली म्हणायची?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. साहेबही हसले, पण पातं सोडलं नाही.

दानम्माचे मन्मथकाका धापा टाकत आले. त्यांची लाकडाची वखार होती. त्यांनी आधी पुतणीकडे पाहिलं. ही बॅट हातात आल्यापासून ती वेगवान चेंडूला बिचकेनाशी झाली होती. काकांनी उपरण्यानं घाम पुसला, पुन्हा पुसला.

"विलायती बाभळीची हाय, साहेब," ते हळूच म्हणाले. "वखारीत आम्ही लाकडावर लाकडाचं नाव टाकतोत. साग, लिंब, विलायती. हे झाड त्या बांधावरलंच."

बांधावर दुष्काळातही हिरवीगार काटेरी झुडपं उभी होती. साहेबांनी तिकडे पाहिलं, पातं नखानं खरवडलं आणि सोडून दिलं.

बॅट दानम्माच्या हातात एकदम जड झाली.

"काका, तुम्ही सांगितलं न्हाई."

"तू इंग्लंडची समजलीस अन् लई मारायला लागलीस. मग कशाला सांगू?"

"बाभळीचं खोड घेऊन खेळायली," लातूरचा गोलंदाज खिदळला. त्याचे गडी हसत हसत पुढं सरकले, अगदी तिच्या अंगाशी आले.

साहेब जीपजवळ गेले, पण आत बसले नाहीत. शेषेरावांनी खेळ सुरू करायला सांगितलं. काका खाली मान घालून उभे राहिले.

दानम्मानं हातावर माती चोळली, बॅट जमिनीवर आपटून पाहिली. मग त्या जवळ आलेल्या गड्यांना हातानं खूण केली: मागं सरका.