नव्या पडद्यावरचे शब्द

माझे वडील मानसिंगराव नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात पॅनल ऑपरेटर आहेत. तिथल्या जुन्या पॅनलवर काचेच्या लहान खिडक्या होत्या आणि प्रत्येकीवर इंग्रजीत धोक्याचं नाव. खिडकी लाल झाली की बाबा उठून हवा तो व्हॉल्व्ह बंद करायचे. ते नाव वाचत नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वरच्या रांगेतली कोपऱ्यातली खिडकी म्हणजे थंड पाणी कमी, एवढं त्यांना पुरायचं.

यंदा पॅनल काढलं. आता संगणकाचा पडदा आहे. धोके जसे येतील तसे एकाखाली एक शब्दांत उमटतात. कुणाचीच जागा ठरलेली नाही. सोमवारी पडद्यावरचे शब्द वाचून अर्थ सांगायची तोंडी परीक्षा होती. नापास होणाऱ्याची बदली पोती भरायच्या विभागात.

"पोती भरणं काही वाईट नाही," आई म्हणाली.

"मग तू ये भरायला."

मी कारेलीबागेत एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. एकेका पुठ्ठ्यावर पडद्यावरचा एकेक इंग्रजी शब्द लिहून मी फ्रिजवर चिकटवले. बाबा भराभर अर्थ सांगू लागले. मला अभिमान वाटला.

शनिवारी आईने फ्रिज पुसला आणि पुठ्ठे जमतील तसे परत लावले. संध्याकाळी बाबांनी 'डेव्हिएशन'वर, म्हणजे विचलनाच्या पुठ्ठ्यावर, बोट ठेवलं आणि म्हणाले, "ढवळणारा ॲजिटेटर बंद पडला."

"बाबा, वाचा ना."

"वाचलं की!"

त्यांनी शब्द पाठ केले नव्हते; फ्रिज पाठ केला होता. रविवारभर मी एकेक पुठ्ठा समोर धरत राहिले आणि ते अक्षरं जुळवत राहिले.

"इन... हि... बिटेड. म्हणजे काय?"

"रोखलेलं. कुणीतरी तो अलार्म रोखून ठेवलाय."

"म्हणजे धोका असला तरी वाजणार नाही?"

"नाही."

त्यांनी तो पुठ्ठा उलटा ठेवला. "जुन्या पॅनलवर असलं काही नव्हतं, यशू." थोड्या वेळाने स्वतःच उचलून पुन्हा वाचला.

सोमवारी मी क्लासमध्ये फळ्यावर एक समीकरण चुकवलं. घरी पोचले तेव्हा बाबा बूट न काढता खुर्चीत बसले होते.

"सगळी उत्तरं बरोबर आली," ते म्हणाले.

"चला, सुटलो!" आई साखर आणायला उठली.

"बस जरा. एका शब्दाला मी इतका वेळ घेतला की परीक्षा घेणारे रणवीरसाहेब पाणी पिऊन आले. तेवढ्या वेळात रिॲक्टरचं काय झालं असतं? तुझा विषय आहे, यशू, सांग."

तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असं मी दरवर्षी शिकवते.

"म्हणून मी साहेबांना सांगितलं, मला एकट्याला बसवू नका. पडदा भराभर वाचणाऱ्या तन्मयच्या शेजारी बसवा, हात बसेपर्यंत."

"अहो, पास झालेला माणूस असं सांगतो का?" आईचा आवाज चढला. "ते म्हणतील, मग पोतीच भरा!"

"म्हणाले तसं. शेजारी बसायची जागाच नसते म्हणे. वर विचारून कळवतो म्हणाले."

आईने टीव्ही लावला आणि लगेच बंद केला. बाबांनी एकदाचे बूट काढले. उद्याची ड्यूटी बाबांच्या फोनवर लिहून येणार होती. फोन वाजला तेव्हा तो माझ्याजवळ होता. निरोप इंग्रजीत होता. मी न वाचता तो बाबांच्या हातात दिला.

ते वाचू लागले. ओठ हलत होते. आई माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे.

"कंट्रोल रूम. तन्मयसोबत," ते म्हणाले.

आईने श्वास सोडला.

"थांब, पुढे आहे काहीतरी. प्रो... व्हि... जनल." त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"तात्पुरतं."

"तात्पुरतं म्हणजे किती दिवस?" आईने विचारलं.

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.