वळणापासून फाटकापर्यंत

चाळीस पोरांनी भरलेली शाळेची बस अरुंद गल्लीतून उलटी काढणाऱ्या ड्रायव्हरबाईंना घोड्यावर बसायची भीती वाटते, हे त्यांच्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं. मग सुतारकाकांना कुठून असणार?

घोडा सुतारकाकांचा. पांढराफटक, म्हणून नाव खडू. गुडघे गेले तसं काकांचं बसणं सुटलं, पण घोडा काही विकवेना. मग काका आणि ड्रायव्हरबाई यांच्यात तोंडी ठरलं: मंगळवार, शुक्रवार, रविवार खडू बाईंचा. त्या दिवशी लीद बाई काढणार, खरारा बाई करणार आणि कालव्याच्या कडेने पुलापर्यंत जाऊन ट्रकांच्या वजनकाट्याकडून परत, अशी पूर्ण फेरी त्याच्यावर बसून मारणार. कागद नाही, सही नाही. ‘घोड्याला काम हवं आणि मला खरं हवं,’ एवढं बोलून काका पुन्हा रंधा मारायला लागले होते.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घोड्यावरून पडून बाईंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, धीर काही जुळला नाही. पण घोड्यावाचून करमतही नव्हतं. पहिल्या मंगळवारी त्या खडूला फाटकाबाहेर घेऊन गेल्या, रिकिबीत पाय घातला आणि त्यांची पाचावर धारण बसली. पाय काढला. लगाम हातात धरून अख्खी फेरी त्या पायी चालल्या. आता काकांना तोंड कसं दाखवायचं? वजनकाट्याजवळच्या वळणावर एक दगडी कट्टा होता. त्यावर चढून, जीव मुठीत धरून त्या खोगिरावर बसल्या आणि तिथून फाटकापर्यंत ऐटीत आल्या. काकांनी मान डोलावली. असं एकदा नाही, नऊ आठवडे चाललं. दर वेळी त्या स्वतःला बजावत, पुढच्या खेपेला नक्की.

पण सुताराची नजर ती. दोराभर फरक त्याला खुपतो.

‘तंगाचा पट्टा दोन भोकं सैल लावावा लागतोय,’ दहाव्या मंगळवारी काका म्हणाले. ‘पोट सुटलंय. खोगिराखाली घामाचा टिपूस नाही. तू ह्याला पळवतेस की गोष्टी सांगतेस?’

‘भरपूर पळवते, काका.’ बाईंनी चक्क थाप मारली आणि त्यांचे कान तापले.

‘भाची मागे लागलीय, मला द्या म्हणून. चांगली बसते. शुक्रवारी माझ्यासमोर बसून फेरी मारून ये. नाहीतर तिला देतो.’

तीन रात्री बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. खडू जाणार ह्या विचाराने त्यांना रडू यायचं आणि आपलाच राग यायचा. शुक्रवारी दुपारी शेवटचं पोर घरी सोडून त्या तडक काकांच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या अंगणात, तबेल्यापाशी आल्या. आज मोडलं तर दुसरं हाड मोडेल, पण बसायचं. त्यांनी खोगीर कसलं, रिकिबीत पाय घातला आणि मागेपुढे न बघता वर चढल्या.

खडू वळला आणि निवांतपणे तबेल्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

बाईंनी त्याला फाटकाकडे फिरवलं. तो पुन्हा दाराशी. त्याचं काहीच चुकत नव्हतं. नऊ आठवडे पाठीवर माणूस बसलं की घर येतं, हेच तो शिकला होता.

काकांचा रंधा थांबला. ‘हे ह्याला कुणी शिकवलं?’

दोष घोड्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. घोडा काय बोलणार होता?

‘मी,’ बाई म्हणाल्या. ‘पायीच नेते मी त्याला. शेवटच्या वळणावर चढते. पहिल्या दिवसापासून.’

काकांचा चेहरा लाल झाला. ‘म्हणजे नऊ आठवडे तू मला उल्लू बनवलंस?’

‘हो.’

‘भीती वाटते?’

‘वाटते.’

‘मग उतर खाली.’

‘नाही उतरत.’

बाईंनी घोडा फिरवला, तो परतला. पुन्हा फिरवला, पुन्हा परतला. सहाव्या खेपेला हात भरून आले, डोळ्यांत पाणी आलं.

‘बस चालवताना कुठे बघतेस गं?’ काका खेकसले. ‘रस्त्याकडे की बॉनेटकडे?’

बाईंनी खडूच्या कानांवरची नजर उचलली आणि फाटकापलीकडच्या रस्त्यावर रोखली. टाच दाबली. खडू बाहेर पडला.

पुलाजवळ एका ट्रकची ताडपत्री फडफडली आणि खडू बिचकून आडवा उडाला. बाईंनी आयाळ घट्ट धरली आणि पोरांवर रोज ओरडतात तशा स्वतःवरच ओरडल्या, ‘जागेवर बसा! कुणी उठायचं नाही!’ कुणी उठलं नाही. पूल मागे पडला तेव्हा पाय रिकिबीतच होते. पुढच्या सपाट रस्त्यावर त्यांनी खडूला चक्क दुडक्या चालीने पळवलं. खोगिराखाली घाम आला, बाईंना तर केव्हाचाच आला होता.

वजनकाट्याजवळच्या वळणावर खडू आपणहून थांबला. दगडी कट्ट्याला अंग लावून उभा राहिला आणि मान वळवून खाली बघू लागला.

काका तोवर लंगडत फाटकापर्यंत आले होते. ‘काय झालं? का थांबलीस?’

‘मी नाही थांबले,’ बाई ओरडल्या. ‘हा थांबलाय. मी चढायची वाट बघतोय!’

काका फाटकाला टेकले. मग म्हणाले, ‘मग सांग त्याला नीट. रविवारीही तुलाच सांगायचंय.’

बाईंनी वाकून त्याच्या ओल्या मानेवर हात ठेवला.

‘खडू,’ त्या म्हणाल्या, ‘अरे, मी वरच आहे.’