फौजदाराची नखं

विश्वास ही दोन जिवांमधली सर्वांत पवित्र गोष्ट आहे, असं मी सकाळी बायकोला सांगितलं. तेव्हा आमचा कुत्रा फौजदार पलंगाखाली थरथरत होता, कारण मी त्याची नखं घासायचं मशीन सुरू केलं होतं.

"तो फक्त माझं ऐकतो. तू मध्ये पडू नकोस."

"मी कशाला पडू," ती म्हणाली आणि तिने वर्तमानपत्र उघडलं.

फौजदाराची भीती मोडायला मी आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर मशीन चालवून दाखवलं. चेहऱ्यावर सुख आणलं. त्याने पलंगाखालून नाक बाहेर काढलं. मी कौतुकाने त्याच्याकडे बघितलं, तेवढ्यात मशीन नखावरून घसरून कातडीवर गेलं. माझी बोंब ऐकून फौजदार थेट बायकोच्या मांडीत जाऊन बसला.

तिने मशीन आधी बंदच त्याच्या पंजाला लावलं, चीजचा तुकडा भरवला, मग सुरू केलं. बघता बघता चारही पंजे झाले. लबाड मध्येच घोरायलाही लागला.

पिल्लू असताना त्याला बाटलीने दूध मी पाजलं. आज त्याच्यासाठी अंगठा सोलून घेतला. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, जणू मी वीजमीटर बघायला आलेला माणूस, आणि परत मिटला. मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हा झोपलाय, मला उठता येत नाही. रुसून झालं असेल तर मशीन तेवढं चार्जिंगला लावा."