साखळीतली बादली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बादली आहे. हिरोशिमातल्या एका कारागिराने देवदाराच्या फळ्या जुळवून, बांबूच्या कड्या ठोकून मला घडवलं. माझ्या जातीचा एकच नखरा आहे. पोटात पाणी हवं. कोरडी ठेवलीत की फळ्या आक्रसतात आणि मी गळू लागते.

सुमिनोबाईंनी मला घरच्या पाण्यासाठी घेतलं होतं. पण युद्ध लागलं आणि मला आगीच्या कामाला जुंपलं. सकाळी गल्लीतल्या बाया दगडी हौदापासून रांग धरत, बादल्या हातोहात पुढे जात आणि टोकाची बाई भिंतीवर पाणी फेके. कवायत घेत सार्वजनिक न्हाणीघराचे मालक कियोसेकाका.

"हात चालवा, बायांनो! बाँब काय निरोप धाडून येणार आहे?"

"काका, आधी तुमचं पोट मागे घ्या. बादली अडते!" सुमिनोबाई म्हणत, आणि सगळी रांग हसे.

काका सरकारी शिकवण पाठ म्हणून घेत. बाँब पडला की घर पेटतं, वाळू टाका, ओली चटई टाका, साखळी धरा. भाजलेल्याला मात्र पाणी देऊ नका, तो दगावतो.

चेरीचा बहर ओसरल्यावर मागच्या गल्लीत खरंच एक बाँब पडला. मोठा खड्डा झाला, दोन घरं पेटली. आमच्या साखळीने ती विझवली. काकांनी मला थोपटलं आणि म्हणाले, "शाब्बास गं!" मी फुगून गेले. आता येऊ देत किती यायचे ते, असं मला वाटलं.

ऑगस्टच्या त्या सकाळी सुमिनोबाईंची मुलगी चिझुए शाळेच्या मुलींबरोबर शहराच्या मध्यात घरं पाडायला गेली होती. आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे काढायचे होते. भोंगा वाजून थांबला होता. मग वर एक विमान दिसलं.

"एकटंच आहे, टेहळणीचं असेल. चला, न्याहारी उरका," काका म्हणाले.

उजेड झाला. मग घरं खाली बसली. मी हौदाच्या आडोशाला होते म्हणून राहिले.

धूळ जराशी खाली आली तशा बाया ढिगाऱ्यातून धडपडत बाहेर आल्या आणि सवयीने रांग धरून उभ्या राहिल्या. मी हातोहात पुढे गेले. टोकाच्या बाईने मला उचललं आणि विचारलं, "कुठे ओतू?"

काकांनी शहराकडे पाहिलं. सगळं शहरच पेटलं होतं. बाँब एकच होता. ती बाई मला तशीच धरून उभी राहिली.

दुपारी चिझुए चालत आली. चेहरा राहिला नव्हता, आईने आवाजावरून ओळखलं.

"आई, पाणी."

मी तिच्या पायाशी काठोकाठ भरलेली होते.

"देऊ का हो, काका?"

"नको! दिलंस की पोर हातची गेली. जरा दम धर."

"आई गं, थोडंसंच."

"देते हं, राणी. बरी झालीस की देते."

संध्याकाळच्या आत ती गेली. काका हौदाला टेकून बसले होते. "मला तसंच शिकवलं होतं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मित्रांनो, मला रडू आलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला काहीच वाटलं नाही. मी भरलेली होते, एवढंच.

आता सुमिनोबाई फार थकल्या आहेत. मध्यंतरी संग्रहालयाची माणसं आली होती.

"आजी, काचेच्या कपाटात ठेवू. नीट जपू हो."

"काचेत वाळेल ती, गळायला लागेल," बाई म्हणाल्या. "आणि कुणी पाणी मागत आलं तर? त्याला काय कपाट दाखवू?"

त्यांनी मला दाराशीच ठेवलं आहे. दर ऑगस्टमध्ये त्या मला लेकीच्या थडग्याशी नेतात आणि लाकडी पळीने दगडावर पाणी घालतात. "पी गं राणी, पोटभर पी." मी रिकामी झाले की घरी आणून पुन्हा भरतात.

माझी निगा एवढीच राखा, मला कोरडी पडू देऊ नका. तहानेल्याला पाणी देताना कुणाला विचारत बसू नका. आणि त्या बाँबचीही तयारी करता येते असं कुणी तुम्हाला शिकवायला आलं, तर त्याला माझ्यापाशी आणा. मला भरून त्याच्या हातात द्या आणि विचारा, कुठे ओतायची.